सदतीस नंबरचा चेंडू

मित्रांनो, क्रॅगली गावच्या कामगार क्लबामागे एक पत्र्याची खोली आहे. तिथे मोडक्या खुर्च्या आणि नाताळच्या जुन्या झिरमिळ्या यांच्यामध्ये जी काचेची पेटी उभी आहे, ती मी. माझी एक काच तडकली आहे आणि पोटातला पंखा गंजून बसला आहे. पण एके काळी मी नुसती घरघर केली, तरी तीनशे माणसे बोलायची थांबत. तेवढा मान त्या क्लबात भल्याभल्या गायकांना मिळाला नाही. नोरीनलाही मिळाला नाही. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता येत नाही, कारण तिच्या वाटचे बरेचसे मीच खाल्ले.

माझा जन्म एकोणीसशे एकसष्ट सालचा. सागवानी पाय, जाड काच, खाली विजेचा पंखा. माझ्या पोटात एक ते नव्वद आकड्यांचे हलके चेंडू होते, विषम आकड्यांचे तांबडे आणि सम आकड्यांचे पांढरे. पंखा सुरू झाला की चेंडू उसळत आणि एकेक करून नळीतून वर येत. क्लबाचा चिटणीस सिरिल हॉयल तो चेंडू उचलून आकडा पुकारी. लोक आपापल्या तिकिटावर तो आकडा खोडत. ज्याचे तिकीट आधी भरे तो ‘हाउस!’ म्हणून ओरडे आणि बक्षीस म्हणून रविवारच्या जेवणासाठी मांसाचा मोठा तुकडा घरी नेई. डाव संपला की सिरिल सगळे चेंडू एका फळीवर मांडी. फळीला नव्वद खळगे होते. एकही खळगा रिकामा नाही हे पाहिल्याशिवाय तो टोपी घालत नसे.

क्लब खाणीतल्या माणसांचा होता. बायकांना यायला बंदी नव्हती. त्या येत, खात, खेळत, हसत. फक्त दारातल्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे एखाद्या सभासदाची सही लागे, आणि सभासद म्हणजे पुरुष. यात कुणाला काही वावगे वाटत नसे. खरे सांगते, मलाही वाटत नव्हते.

मी आले त्याच्या पुढच्या वर्षी, एका रविवारी भर दुपारी, नोरीन स्टॅनक्लिफ पहिल्यांदा त्या रंगमंचावर उभी राहिली. वय पंधरा. लोकरीच्या गिरणीत सूत गुंडाळायचे काम करी. अंगात मावशीचा आटवलेला हिरवा झगा. दारात तिच्या नावापुढे तिच्या वडिलांनी, विल्फने, सही केली होती. आई हिल्डा माझ्या अगदी समोरच्या टेबलाशी बसली होती, आणि तिच्याजवळ शेजारच्या घरातली आयव्ही.

सिरिलने माइक हातात घेतला. “मंडळी, ही आपल्या विल्फची पोर. जरा ऐकून घ्या बिचारीचं. मग लगेच डाव सुरू करतो.”

पोरीचा आवाज असा होता, की पहिल्या ओळीला माझ्या काचा थरथरल्या. दुसऱ्या गाण्यात ती वरच्या सुरावर चढली. शेवटचे कडवे तेवढे राहिले होते. तेवढ्यात सिरिल पुढे आला आणि तिच्या हातातला माइक काढून घेत म्हणाला, “मंडळी, गरम पॅटिस आले आहेत.”

अर्धा हॉल उठला. खुर्च्या सरकल्या. नोरीन तोंड उघडे ठेवून उभी.

“सिरिलकाका, माझं एक कडवं राहिलंय.”

“अगं पोरी, गाणं काय पळून जातंय? पॅटिस गार होतात.”

लोक हसले. तीही हसली, पण तिच्या मानेवर लाल डाग उमटले होते. मग सिरिलने माझी कळ दाबली, आणि त्या हॉलमध्ये एकदम टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. पोरगी भिंतीशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. ती नजर मी विसरले नाही.

त्या डावात हिल्डाला एकच आकडा हवा होता, आणि मी तो दिला. सदतीस.

“हाउस!” हिल्डा खुर्चीवरून उडालीच. “बघितलंस का गं आयव्ही? आमच्या घराचा आकडा! सदतीस नंबरचं घर, सदतीस नंबरचा चेंडू. पोरीचा पायगुण बरं का!”

“पायगुण पोरीचा आणि मांस तू खाणार,” आयव्ही म्हणाली. “निदान रस्सा तरी पाठव.”

त्या दिवसापासून हिल्डा प्रत्येक डावात सदतीस असलेले तिकीट शोधून घेई.

पुढची चार वर्षे नोरीन दर रविवारी कुठल्या ना कुठल्या क्लबात गात होती. मग लंडनहून डेरेक नावाचा एक गुळगुळीत माणूस आला. तो तिला घेऊन गेला, तिचे नाव बदलून ‘निना डेल’ केले आणि तिच्याशी लग्नही केले. सहासष्ट साली तिची तबकडी देशभर वाजू लागली. बारवरच्या रेडिओतून तिचा आवाज आला की सगळे विल्फच्या पाठीवर थापा मारत. तो खाणीतल्या धुळीने खोकत असे. खोकत खोकत म्हणे, “निना कोण? ती नोरीन आहे.”

पुढच्या वर्षी क्लबाने तिचा सत्कार ठरवला. दारासमोरच्या भिंतीवर मानकऱ्यांचा फळा होता. समितीने एकमताने ठराव केला आणि रंगाऱ्याला बोलावून फळ्यावर सोनेरी अक्षरात लिहून घेतले: ‘नोरीन स्टॅनक्लिफ, तहहयात सभासद’. आपण काय करून बसलो हे त्या उत्साहात कुणाच्या डोक्यात आले नाही. विल्फने त्या दिवशी पेला हातात तसाच धरून ठेवला होता. बिअर प्यायचेही त्याला सुचले नाही. नुसता फळा वाचत होता.

तीन आठवड्यांनी देशातल्या सगळ्या कामगार क्लबांच्या मुख्य कचेरीचे पत्र आले. सिरिलने ते माझ्या झाकणावर उलगडून विल्फला दाखवले.

“नियम म्हणजे नियम, विल्फ. सभासद पुरुषच हवा. तसं छापलंय.”

“मग काय, तिचं नाव खरवडणार?”

“खरवडणार कसलं, बदलणार. तिच्या नवऱ्याचं घालू. नवरा-बायको काय वेगळे असतात का? मान घरातल्या घरातच राहतो.”

“त्या लंडनवाल्याचं? त्याला आपली बिअर कोमट लागते, सिरिल. तो अर्धा पेला तसाच ठेवून जातो.”

“पण पुरुष आहे ना?” सिरिल म्हणाला. त्यात त्याला काही विनोद वाटला नाही.

रंगारी पुन्हा आला. नोरीन पुढच्या खेपेला आली तेव्हा वडिलांच्या सहीने आत शिरली आणि फळ्यासमोर थांबली. तिने नवऱ्याचे नाव दोनदा वाचले. “छान रंगवलंय,” एवढेच म्हणाली आणि गायला उभी राहिली. त्या दिवशीही पॅटिस तिच्या तिसऱ्या गाण्यात आले.

मित्रांनो, नाव झाले म्हणजे सगळे झाले असे तुम्हाला वाटत असेल. तिची दुसरी तबकडी थोडी वाजली, तिसरी वाजलीच नाही. मग उन्हाळ्यात समुद्रकाठच्या धक्क्यावरचे जलसे, हिवाळ्यात मुलांच्या नाटकात परीचे काम. विल्फ बहात्तर साली गेला. त्यानंतर वर्षभरात डेरेकने तिला सोडले. फळ्यावरचे त्याचे नाव मात्र तिथेच राहिले. ते तहहयात होते.

आता जे सांगते ते मला सगळ्यात जड जाते. चौऱ्याहत्तर सालचा रविवार. डाव ऐन रंगात आला होता. मला हॉलच्या उघड्या दारातून समोरचा बोळ दिसे. तिथे नोरीन लांब कोट घालून उभी होती. आईला भेटायला आली होती.

दारावरचा बर्ट पुस्तक पुढे करून कानकोंडा झाला होता. “पोरी, मी तुला ओळखतो. अख्खं गाव ओळखतं. पण या रकान्यात सभासदाची सही लागते. तुझा बाप होता तोवर प्रश्न नव्हता.”

“मग तू कर सही, बर्टकाका.”

“दारावरच्या माणसाने करायची नाही, असाही नियम आहे.”

हॉलमधले सगळे सभासद तिकिटांवर मान घालून बसले होते. डाव संपेपर्यंत कुणी उठणार नव्हते. तेवढ्यात बारकडून एक माणूस पेन फिरवत बोळात गेला. डेरेक! नवी कोवळी गायिका घेऊन तो त्या दिवशी आला होता. तिच्या नावापुढे त्यानेच सही केली होती.

“अरे वा, नोरीन! थांब, मी करतो ना सही. मी इथला तहहयात सभासद आहे, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” नोरीन म्हणाली. “तुझ्या सहीने मी या दारातून आत पाऊल टाकणार नाही. बर्टकाका, आईला तेवढं बाहेर पाठव.”

बर्ट हिल्डापाशी येऊन वाकला. “हिल्डा, पोर आलीय. दारात उभी आहे.”

हिल्डाने मान वर केली नाही. तिच्या तिकिटावर एकच आकडा राहिला होता. “एक मिनिट, बर्ट. फक्त सदतीस राहिलाय. एक मिनिट थांबव तिला.”

सदतीस माझ्या पोटात होता. डाव्या कोपऱ्यात काचेला घासत गरगरत होता. मी तो वर सोडला असता, तर हिल्डा ‘हाउस’ म्हणून उठली असती आणि धावत बोळात गेली असती. निदान दुसऱ्याचे तिकीट लवकर भरले असते तरी चालले असते. मी एकोणीस दिला. चौसष्ट दिला. आठ दिला. वारा नेईल तिकडे चेंडू जातो, माझ्या हाती काही नसते, असे मी आजवर स्वतःला समजावत आले आहे. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी ‘हाउस’ म्हटले. हिल्डा उठून बोळात गेली तेव्हा तिथे बर्ट एकटाच होता.

“गेली,” तो म्हणाला. “दोनची गाडी धरायची म्हणाली.”

हिल्डा परत आली आणि तिने पुढच्या डावाचे तिकीट घेतले. त्यावर सदतीस होता. तिने तो आधीच खोडून टाकला. त्यानंतर चारच वर्षांनी हिल्डा गेली. त्या मायलेकींचे पुढे काय बोलणे झाले, की झालेच नाही, ते मला माहीत नाही.

नोरीन गात राहिली. हे तिचे विशेष. जहाजांवर गायली, हॉटेलांत गायली, लोक तिला विसरले तरी गायली. खाणीचा मोठा संप झाला तेव्हा ती न बोलावता आली आणि संपकऱ्यांच्या मुलांसाठी चाललेल्या अन्नछत्रात दोन दिवस बटाटे सोलून गायली. कुणा संपकऱ्याने सही केली म्हणून आत आली. मग खाणही बंद पडली. पुढे ‘साठच्या दशकातले तारे’ असले जलसे निघाले, त्यांत ती तीच जुनी दोन गाणी म्हणत गावोगाव हिंडली. क्लबाच्या बारवर तिचा मोठा फोटो लागला. ‘आमची नोरीन’ म्हणून पाहुण्यांना तो दाखवत. आमची म्हणायला सही लागत नाही.

दोन हजार सात साली अखेर नियम बदलला. बायकांना सभासद होता येईल, असे पत्र आले. सिरिल तोवर जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्याच्या जागी त्याचा मुलगा कीथ चिटणीस होता. महिन्याभरात नोरीनचा अर्ज आला. साठ वर्षांची बाई. केस पांढरे, पाठ ताठ. क्लबाच्या वर्धापनदिनाला ती फुकट गाणार होती, त्याच सकाळी समितीची बैठक ठेवली होती.

बैठकीआधी ती आयव्हीपाशी येऊन बसली. आयव्ही आता ऐंशीच्या घरात होती. दोघींसाठी आज कीथनेच सही केली होती.

“कशाला गं हा खटाटोप?” आयव्ही म्हणाली. “या वयात सभासद होऊन काय खाणीत उतरायचंय?”

“मला त्या पुस्तकात एकदा माझी सही करायचीय. आणि खाली तुझं नाव लिहायचंय. माझी पाहुणी म्हणून.”

“अगं बाई! म्हणजे मरायच्या आधी एकदा तरी कुणा पुरुषाला लाडीगोडी न लावता आत येईन म्हणायचं.”

दोघी बोळात थांबल्या आणि नऊ जण माझ्याभोवती बसले. मत गुप्त द्यायचे, अशी क्लबाची जुनी रीत. झाकलेल्या पिशवीत प्रत्येकाने एक चेंडू टाकायचा. पांढरा म्हणजे हो, तांबडा म्हणजे नाही. दोन तांबडे निघाले की अर्ज बाद. त्यासाठीचे मूळ चेंडू केव्हाच हरवले होते, म्हणून माझेच वापरत.

“बाई चांगली आहे,” एक जण म्हणाला. “प्रश्न तिचा नाहीच.”

“आज हिला घेतली, की उद्या सगळ्या समितीत येऊन बसतील,” दुसरा म्हणाला. “मग पॅटिसऐवजी पालेभाजी खा.”

हशा पिकला. पिशवी फिरली. कीथने ती माझ्या झाकणावर उपडी केली. सात पांढरे, दोन तांबडे. तांबड्यांपैकी एक होता ऐंशीच्या पुढचा. दुसरा सदतीस.

कीथ बोळात गेला. “नोरीन, मनाला लावून घेऊ नको हं. सात जण तुझ्याच बाजूने होते. आणि पाहुणी म्हणून तुझा मान कायम आहे. मी आहे ना सही करायला!”

नोरीनच्या मानेवर तेच लाल डाग. “चेंडू बघू दे मला,” ती म्हणाली.

ती माझ्यापाशी आली. सगळे इकडे-तिकडे पाहू लागले, कुणी घड्याळ, कुणी बूट. तिने तो सदतीस उचलला आणि बराच वेळ तळहातावर धरला. “हा आमच्या घराचा आकडा,” ती म्हणाली.

“राहू दे, कीथ. मी टाकते परत.” तिने एकेक करून आठ चेंडू माझ्या पोटात सोडले. नववा तिच्या पर्समध्ये गेला. ते मी सोडून कुणी पाहिले नाही.

त्या दुपारी ती ठरल्याप्रमाणे गायली. लोक गप्पा मारत होते. शेवटच्या गाण्यात पॅटिस आले. तिने गाणे पुरे केले, कोट घातला आणि माझी कळ दाबायच्या आत ती दाराबाहेर पडली.

वर्धापनदिनाच्या गडबडीत त्या रविवारी फळी कुणी नीट पाहिली नाही. पुढचेही पाच रविवार पाहिली नाही, कारण सिरिलची ती शिस्त त्याच्याबरोबरच गेली होती. सहाव्या रविवारी डाव रंगात असताना आयव्ही काठी टेकत उभी राहिली.

“थांबव ते, कीथ!”

“आयव्हीमावशी, हाउस झालं का?”

“हाउस कसलं! सहा आठवडे मी कान देऊन ऐकतेय. सदतीस एकदाही आला नाही. हिल्डाचा आकडा आहे तो, मला चुकायचा नाही. मोज तुझे चेंडू.”

कीथने पंखा बंद केला. भर डावात मला थांबवलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्याने चेंडू फळीवर मांडले. एकोणनव्वद. छत्तीस आणि अडतीस यांच्या मधला खळगा रिकामा. सहा आठवड्यांचे सगळे डाव बाद! असा गोंधळ उडाला की विचारू नका. लोक टेबलांवर मुठी आपटू लागले. कीथने चेंडू पुन्हा मोजले. मग आठ चेंडू कुणाच्या हातून परत पडले होते ते त्याला आठवले.

त्याने रंगमंचावरूनच मोबाइल लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे लोकांना कळावे की चूक त्याची नाही.

“नोरीन, कीथ बोलतोय. तो सदतीस... तुझ्याकडे तर नाही ना आला?”

“आहे. खिडकीत ठेवलाय, आईच्या फोटोपाशी.”

“अगं, काय हे! डाव थांबलाय इथे. सगळा हॉल भरलाय.”

“गप्प बसलेत का सगळे?”

कीथने समोर पाहिले. खरोखरच सगळे गप्प होते. पॅटिस येऊन दारात उभे होते आणि एक माणूस उठला नव्हता.

“बसलेत,” तो म्हणाला.

त्या शांततेत तिचा नुसता श्वास तीनशे माणसे ऐकत होती.

“मी येईन की चेंडू द्यायला,” ती म्हणाली. “पण दारात माझ्यासाठी सही कोण करणार?”

आणि तिने फोन ठेवला. आयव्हीने आपले तिकीट घडी करून पेल्याखाली ठेवले आणि काठी टेकत निघून गेली. ती परत कधी खेळायला आली नाही.

पुढच्या बैठकीत समितीने ठराव केला. तुम्हाला वाटले असेल, नोरीनचा अर्ज पुन्हा काढला. नाही. नवे यंत्र घ्यायचे ठरले, पडद्यावर आकडे दाखवणारे, ज्यातून चेंडू नेता येत नाही. मला दोघांनी उचलून या खोलीत आणून ठेवले. वाटेत तो फळा दिसला. डेरेकचे नाव अजून चकाकते आहे. ऊन तिरपे पडले की त्याखालची खरवडलेली अक्षरेही वाचता येतात.

मित्रांनो, मला पुसा, माझा पंखा दुरुस्त करा, असे मी म्हणणार नाही. माझा मान मी पुरेपूर भोगला. तुम्ही ज्याला आमचा म्हणता, ज्याचा फोटो भिंतीवर लावता, त्याला दारात ताटकळत ठेवू नका, एवढेच म्हणते. आणि कुणाचे शेवटचे कडवे राहिले असेल तर पॅटिस गार होऊ द्या.

माझी फळी इथेच शेजारी टेकून ठेवली आहे. एकोणनव्वद चेंडू त्यात धूळ खात बसले आहेत. छत्तीस आणि अडतीस यांच्यामधला खळगा मी जपून ठेवला आहे. या अख्ख्या क्लबात तिची म्हणावी अशी तेवढी एकच जागा आहे, आणि तिथे यायला तिला कुणाची सही लागणार नाही.